दोरीचं दुसरं टोक

गाडी शिकवणाऱ्या माणसाचा उजवा पाय कधी सुखानं बसत नाही. शेजारी नवखा शिकाऊ, त्याच्या दोन्ही मुठी स्टिअरिंगवर आवळलेल्या, आणि आपल्या पायाखाली तो दुसरा, जादाचा ब्रेक. ताईचं निम्मं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं होतं. घरी टीव्हीवर एखादी गाडी जोरात वळणावर आली, तरी सोफ्यावर बसल्या बसल्या तिचा पाय खाली दाबला जाई. "अगं, फरशी खचेल माझी," असं आई म्हणायची.

तिच्याकडून किती माणसं गाडी शिकून गेली याची गणतीच नव्हती, पण धाकट्यासारखा विद्यार्थी पुन्हा मिळाला नाही. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. अठरा पुरी होताच तिनं त्याला गाडीत बसवलं आणि पठ्ठ्यानं दुसऱ्याच दिवशी भर बाजारातून गाडी अशी काढली, की ताईच्या पायाला काही कामच उरलं नाही. पुढे तो वीज कंपनीत लागला आणि तारा जोडणाऱ्या माणसांना गाडीतून शहरभर फिरवू लागला. मग त्याची नजर कडेनं मिटायला लागली. आधी ते त्याला कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं कुणाला कळू दिलं नाही. एका रविवारी ताई त्याच्या शेजारी बसली असताना गल्लीतून एक सायकलवाला आडवा आला. धाकट्याला तो दिसलाच नाही. ताईनं हातब्रेक खेचला, सायकलवाला शिव्या घालत निघून गेला, कुणाला साधं खरचटलंही नाही. पण ताईनं गाडी बंद केली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "उतर."

धाकटा उतरला. त्यावर दोघांत पुन्हा कधी एक अक्षर बोलणं झालं नाही.

आता त्याला उजेड आहे की अंधार, एवढंच समजायचं. कंपनीनं त्याला तक्रार केंद्रात फोनवर बसवलं होतं. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," हे तो अशा मऊ आवाजात म्हणे, की घरात मिट्ट काळोख असूनही लोक त्याचे आभार मानून फोन ठेवत.

धावण्याचं खूळ त्याच्या डोक्यात भरवलं ते शेजारच्या बेकरीवाल्यानं. बेकरीवाला पहाटेची भट्टी उतरवून, अंगावरचं पीठ झटकून धावायला जायचा. एकट्याला कंटाळा येतो म्हणून त्यानं एकदा धाकट्याला बरोबर घेतलं, दोघांच्या मनगटांना बुटाची नाडी बांधली आणि मैदानाला एक फेरी मारून आणली. धाकटा घरी आला तो गुडघे फुटलेला आणि तोंडभर हसत. तिथून जे सुरू झालं ते थांबेना. नाडीच्या जागी दोन्ही टोकांना कडी असलेली जाड विणलेली दोरी आली. फेरीचा मैल झाला, मैलाचे कोस झाले. सुट्टीच्या दिवशी बेकरीत गर्दी, मग त्या दिवशी दोरीचं दुसरं टोक कोण धरणार? "तू नुसती भरभर चाल," असं सांगून दोघांनी ताईला ओढलं. पन्नाशीला आलेली बाई, आयुष्यभर बसून काम केलेली. पहिल्या दिवशी तिच्या नाकी नऊ आले. वर्षभरात मात्र ती अर्धी मॅरेथॉन धाकट्याच्या बरोबरीनं धावायला लागली, आणि त्याचा तिच्या स्वतःच्या पायांनाच जास्त अचंबा वाटत होता.

त्यामुळे समुद्रकाठच्या मॅरेथॉनचं ठरलं तेव्हा वाटणी सरळ होती. सकाळची भट्टी सोडून बेकरीवाल्याला येता येणार नव्हतं. म्हणून पहिला अर्धा टप्पा ताईनं धावायचा, दीपगृहापाशी बेकरीवाल्यानं आयोजकांच्या बसनं येऊन थांबायचं आणि तिथून पुढे धाकट्याला शेवटपर्यंत न्यायचं. सोबत्यांची अदलाबदल एकदा चालते, असं आयोजकांनीही सांगितलं होतं.

शर्यतीच्या सकाळी आभाळ अगदी खाली उतरलं होतं. बारीक पाऊस, गार वारा, आणि समुद्राचा रंग भांडी घासलेल्या पाण्यासारखा. हजारभर माणसं बंदराच्या फाटकाशी कुडकुडत उभी होती. कुणी कचऱ्याच्या पिशव्यांना भोकं पाडून अंगात घातल्या होत्या. ताईनंही दोन आणल्या होत्या. धाकट्याला तिनं एक घातली, तेव्हा तो म्हणाला, "मला कचऱ्यात काढलंस म्हणायचं."

"गप बस. हात वर कर."

तिच्या छातीवर नंबर नव्हता, 'सोबती' एवढाच शब्द छापला होता. धाकट्याच्या पाठीवर 'दृष्टिहीन धावपटू' असं मोठ्या अक्षरांत होतं. आईनं आदल्या दिवशी ते वाचून, "मागून वाचतील ते लोक, समोरच्यांनी काय करायचं?" असं विचारलं होतं.

भोंगा वाजला. गर्दी हलली. दोरी ताणली, सैल पडली, पुन्हा ताणली, आणि दोघांचे पाय एका लयीत आले.

पहिला तासभर ताईचं तोंड एकसारखं चालू होतं. "गटाराचं झाकण. डावीकडे. पाणी. आता गतिरोधक, लहान. पाणी. पुन्हा पाणी."

"ताई," धाकटा म्हणाला, "पाणी सगळीकडेच आहे. वरूनही येतंय. नसेल तिथे सांग फक्त."

शेजारून धावणाऱ्या दोन मुली खुदकन हसल्या. ताईही हसली, पण बोलायची थांबली नाही. तिला धाकट्याच्या पुढची दहा पावलं आधीच धावून यावंसं वाटत होतं. कुठे रस्त्यावर रंगवलेला पट्टा ओला दिसला, कुठे कुणी समोरच चालायला लागलं, की तिचा हात आपोआप मागे जाई.

"तू ओढतेयस," धाकटा म्हणाला.

"मी कुठे ओढतेय? ओढायचं नसतं, माहितेय मला."

"पुढे नाही. मागे ओढतेयस."

तिनं हात सैल सोडला. पुढच्या वळणावर तो पुन्हा मागे गेलाच.

तरी दीपगृह आलं तेव्हा दोघं ठरल्या वेळेत होते. ताईचे पाय भरून आले होते, पण काम फत्ते झाल्याचा आनंद होता. ती मान उंच करून बेकरीवाल्याचा लाल रेनकोट शोधायला लागली. तंबूत केळी होती, पाण्याचे ग्लास होते, घोंगड्या होत्या. लाल रेनकोट नव्हता.

हातात वायरलेस घेतलेली एक बाई त्यांच्याकडे पळत आली. "तुम्ही दोरीवाले ना? तुमचा दुसरा सोबती बसमध्ये अडकलाय. रेल्वेखालच्या बोगद्यात पाणी भरलंय. बस पलीकडे उभी आहे. कधी निघेल, काही सांगता येत नाही."

तंबूच्या कापडावर पाऊस तडतडत होता.

"हरकत नाही," धाकटा म्हणाला. "इथेच थांबू. अर्धी झाली, तेही कमी नाही. पुढच्या वर्षी बघता येईल."

बोलणं अगदी समजूतदार होतं. वायरलेसवाल्या बाईचा जीव भांड्यात पडला. पण ताईनं तो आवाज ओळखला. तो तक्रार केंद्रातला आवाज होता. किल्ली काढून घेतली त्या दिवशी गाडीतून उतरताना, "बरं, हरकत नाही," असं तो याच आवाजात म्हणाला होता. आणि त्यानंतर वर्षभर तिच्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नव्हता.

ताईनं आपल्या पायांकडे पाहिलं. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. ते काय सांगणार ते तिला माहीत होतं.

"केळं खा," ती म्हणाली.

"कशाला?"

"पुढे जायचंय म्हणून. आणि नखरे करू नकोस, मला एका जागी उभं राहिलं की थंडी वाजते."

"ताई, तू एवढं कधी धावलेली नाहीस."

"तू तरी कुठे धावलायस?"

दीपगृह मागे पडलं आणि रस्ता बंदराच्या लांबच लांब धक्क्यावर चढला. दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये दगडी वाट. इथे वारा नुसता वाहत नव्हता, अंगावर धावून येत होता. लाटा धक्क्याच्या भिंतीवर आपटून उंच उडत होत्या. ताई ओरडली, "खड्डा!" वाऱ्यानं तो शब्द तोंडातूनच उचलून नेला. ती पुन्हा ओरडली. धाकट्यानं मान हलवली, कानाला हात लावला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तिचं नाही, पुढच्यांच्या पावलांचं नाही, कशाचंच नाही.

ताईनं पाऊल आखूड केलं. आता डोळे नाहीत आणि कानही नाहीत. मागे वळावं का? पण मागेही हाच वारा होता.

तेवढ्यात खड्डा आलाच. तिनं काही विचार न करता मनगट किंचित आपल्याकडे वळवलं. धाकटा तितकाच तिच्याकडे सरकला आणि खड्ड्याच्या कडेनं साफ निघून गेला. पुढे दगड उंच झाला होता. तिनं दोरी जराशी वर उचलली, त्यानं पाऊल उचललं. ताई चकित झाली. इतका वेळ ती घसा फोडून सांगत होती ते सगळं त्याला बोटभर दोरीतून समजत होतं. किंवा कदाचित आधीही समजत होतं, पण तिच्या बडबडीत आणि मागे ओढण्यात ते हरवत होतं. तिनं तोंड मिटलं. हात मोकळा ठेवला. आणि हात मोकळा ठेवायचा तर आधी खांदा सैल सोडावा लागतो, खांद्यासाठी मान, आणि मानेसाठी तो जबडा, जो ती सकाळपासून आवळून धावत होती. एकेक करत सगळं सैल झालं. धाकट्याचं पाऊल लांब पडायला लागलं. ताईनंही लांब टाकलं.

धक्क्याच्या टोकाशी एक लाट अशी आली, की दोघांवर बादलीभर पाणी उपडं झालं. ताईच्या नाकातोंडात खारट पाणी गेलं. शेजारी बघते तर धाकटा तोंड आभाळाकडे करून हसत होता. इतका मोठ्यानं, की वाऱ्यातूनही तिला ऐकू आलं.

धक्का उतरून वाट गोदामांच्या आडोशाला आली आणि अचानक सगळं शांत झालं. कानात नुसती शिट्टी वाजत राहिली. दोघं काही वेळ तसेच धावले.

"एक विचारू?" धाकटा म्हणाला.

"हं."

"किल्ली घेतलीस, त्यानंतर वर्षभर तू मला एकदाही गाडीत का बसवलं नाहीस?"

ताईचं पाऊल चुकलं. इतक्या वर्षांनी, पावसात, सुकी मासळी ठेवायच्या गोदामांच्या मागे हा विषय निघेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मला वाटलं, तुला आता गाडीचं नावही नको असेल," ती म्हणाली. "आणि किल्ली घेतल्याचा राग असेल."

"किल्लीचा कसला राग? तो सायकलवाला मेला असता. किल्ली तू घेतली नसतीस तर मीच कुठेतरी फेकली असती. पण चालवता येत नाही म्हणून काय झालं? बसता तर येत होतं. तू तुझ्या शिकाऊंना गावभर फिरवत होतीस आणि मी घरी भिंतीला पाठ लावून बसलो होतो. वाटायचं, येईल, हॉर्न वाजवेल, म्हणेल चल, जरा वारा खाऊन येऊ. तू यायचीस आणि आईला भाजी देऊन जायचीस."

ताई समोर बघत धावत राहिली.

"बोल ना काहीतरी."

"श्वास नाहीये."

ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. पावसाचा एक फायदा असतो, चेहरा कशानं ओला झाला ते कुणी विचारत नाही. आणि धाकटा तर तसाही पाहू शकत नव्हता. तरी त्याला कसं कळलं कोण जाणे. त्यानं दोरीचं टोक दोनदा हळूच हलवलं, लहानपणी तो तिच्या वेणीचं टोक हलवायचा तसं.

"चुकलं माझं," श्वास मिळाल्यावर ताई म्हणाली.

"दोघांचं. मीही कधी म्हणालो नाही. सोड आता. पुढे काय आहे?"

"चढ."

"अरे देवा."

त्या चढावर ताईचे पाय संपले. एका पोटरीत गोळा आला, तो सुटतो न सुटतो तोच दुसरीत. तिनं चालायचं, मग थोडं धावायचं, मग पुन्हा चालायचं असं सुरू केलं, आणि सवयीनं तोंडानं "पाणी," "झाकण" पुन्हा चालू झालं. धाकट्याचे पाय अजून तगडे होते. दोरी आता दर थोड्या वेळानं ताणत होती, आणि ताणत होती ती पुढे. मागून पिवळा दिवा लावलेली एक गाडी सावकाश येत होती. मुदतीत न पोचणाऱ्यांना उचलून घ्यायची ती गाडी. ताईनं मागे वळून पाहिलं आणि पाहिल्याचा पश्चात्ताप केला.

मोठ्या पुलाच्या पायथ्याशी शेवटचा तंबू होता, आणि तंबूच्या पुढे, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला, लाल रेनकोट घातलेला माणूस दोन्ही हात हलवत उभा होता.

"बोगद्यात उतरलो!" बेकरीवाला ओरडत आला. "बस काही हलेना. म्हटलं, पीठ मळताना हात भिजतात, आज सगळेच भिजू. तिथून मधल्या वाटेनं पळत आलोय. कसे आहात? वेळ आहे अजून. थोडाच आहे, पण आहे. दे, ताई, दोरी दे."

"आम्ही दोघंच जाणार," धाकटा ताबडतोब म्हणाला. "इतकं ताईनं आणलंय, उरलेलंही ताईच नेईल."

हे ऐकून ताईचं मन कसं भरून आलं ते सांगायला शब्द कमी पडतील. ते वाक्य पुन्हा एकदा ऐकायला मिळालं असतं तर तिनं त्या चिखलात बसूनही ऐकलं असतं. पण तिनं पुलाचा चढ पाहिला, मागचा पिवळा दिवा पाहिला, आणि धाकट्याचे पाय पाहिले, जे थांबलेले असतानाही जागच्या जागी हलत होते. या मुदतीसाठी तो दोन वर्षं पहाटे उठला होता. तिच्याबरोबर तो पुलापलीकडे पोचला असता. पण मुदतीत पोचला नसता.

"नाही," ती म्हणाली. "याच्याबरोबर जा."

"ताई—"

"मोठी मी आहे का तू?"

कडी मनगटातून निघेना. बोटं गारठून लाकडं झाली होती. शेवटी बेकरीवाल्यानंच ती सोडवली आणि स्वतःच्या हातात चढवली.

"पुलावर लोखंडी सांधे आहेत, घसरतात," ताई त्याला म्हणाली. "आणि हे बघ, पलीकडे उतार लागला की त्याला सोड. अडवू नकोस. तुला भीती वाटेल, तरी अडवू नकोस."

बेकरीवाल्यानं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. मग दोघं निघाले. पाठीवरची ती मोठी अक्षरं पावसात लहान लहान होत गेली.

तंबूतल्या बाईनं ताईच्या खांद्यावर घोंगडी टाकली. "बसा हो. गाडी येतेच आहे, सोडेल तुम्हाला."

ताई खुर्चीवर बसली. किती बरं वाटलं! घोंगडी कोरडी होती, खुर्चीला पाठ होती. तिचं काम झालं होतं, किंबहुना दुप्पट झालं होतं. कुणी तिला काही म्हणणार नव्हतं. पिवळा दिवा जवळ येत होता. तरी मनात काहीतरी चुळबुळत होतं. सकाळपासून ती धाकट्यासाठी धावत होती. त्याआधी वर्षभर त्याच्यासाठीच धावत होती. पण आज त्या धक्क्यावर, खांदे सैल सुटले होते तेव्हा, ती कुणासाठी धावत होती? तेव्हा तर तिच्या मनात धाकटाही नव्हता. नुसता वारा होता आणि ती होती.

ती उठली. घोंगडीची घडी केली.

"अहो, गाडी आलीच की," तंबूतली बाई म्हणाली.

"येऊ दे. मी पुढे होते."

"तुमच्यावर 'सोबती' लिहिलंय. तुमचा माणूस तर गेला."

"तो गेला ना पुढे. मी येतेय मागून."

पुलाच्या चढावर ती चालली. चालली म्हणजे, पाय उचलून एकापुढे एक ठेवले. माथ्यावर आल्यावर पाऊस जरा निवळला. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं रस्त्यावरून नजर उचलली. लांब नांगरलेली जहाजं दिसत होती, एक दिवा लुकलुकत होता, आणि ढगाला कुठेतरी खाली फट पडून पाण्यावर एक रुपेरी पट्टा उमटला होता. इतका वेळ समुद्र तिच्या शेजारी होता, पण तिनं त्याला पाहिलंच नव्हतं. उतार लागला तसे तिचे पाय कुरकुरत धावायला लागले.

सवय जात नाही. कुणी ऐकायला नसतानाही ती पुटपुटत होती, "सांधा. पाणी. पुन्हा सांधा. झाकण, उजवीकडे."

"आभारी आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

ताई दचकून वळली. मागे एक आजोबा धावत होते. काटकुळे, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि चष्म्याच्या दोन्ही काचा वाफेनं पांढऱ्याफटक.

"थांबू नका हो," ते म्हणाले. "चष्मा पुसायला कोरडं काहीच उरलं नाही. पुलाच्या अलीकडून तुमच्या आवाजावर चाललोय. मगाशी तुम्ही खुर्चीवर बसलात तेव्हा मी अक्षरशः घाबरलो. म्हटलं, आता आपलं काय?"

"म्हणजे तुम्ही थांबलात?"

"मग काय करणार? बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं."

ताईला असं हसू आलं, की पोटरीतला गोळाही ती क्षणभर विसरली. "या, बाजूला या," ती म्हणाली. "मागे राहू नका. पुढे वळण आहे."

पिवळ्या दिव्याची गाडी त्यांच्या मागे आली, ड्रायव्हरनं काच खाली केली, दोघांकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, काच वर केली आणि पायी चालल्यासारखी गाडी मागे मागेच ठेवली. आजोबा हा रस्ता पाचव्यांदा धावत होते. बायको दर वेळी म्हणते हे शेवटचं, असं ते सांगत होते. आणि दर वेळी नवे मोजेही तीच आणते. ताई अधूनमधून "पाणी," "झाकण" म्हणत होती. ओरडावं लागत नव्हतं.

शेवटच्या रस्त्यावर कुंपणं उचलायला सुरुवात झाली होती. कमानीवरचं घड्याळ बंद केलेलं होतं. कामगार कापडी फलक गुंडाळत होते. आणि कमानीच्या खांबाशी, अंगावर घोंगडी घेऊन, धाकटा मोठमोठ्यानं हाका मारत होता.

"ताई! ए ताई!"

समोरून एक थकलेला तरुण लंगडत त्याच्याजवळून गेला. "ताई?" धाकट्यानं विचारलं. "नाही हो," तो तरुण म्हणाला, "पण शुभेच्छा."

"मघापासून हे चालू आहे," शेजारी उभा असलेला बेकरीवाला ताईला पाहून ओरडला. "पाऊल वाजलं की ताई. चार जणांना ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलंय यानं!"

ताई कमानीखालून आली, ती थेट धाकट्यावर आदळूनच थांबली. घोंगडीसकट त्यानं तिला धरलं.

"पोचलास?" तिनं विचारलं. "मुदतीत?"

"दाराच्या फटीत बोट सापडावं, इतकाच आत," बेकरीवाला म्हणाला. "पण आत. उतारावर यानं मला असं पळवलं, की माझंच बोलणं बंद झालं. तू सांगितलंस म्हणून सोडलं हं, नाहीतर माझी हिंमत नव्हती."

"तुला वाटलं का मी येईन?" ताईनं धाकट्याला विचारलं.

"नाही," धाकटा प्रामाणिकपणे म्हणाला. "मला वाटलं, तू गाडीतून येशील. म्हणून आधी पाच मिनिटं गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसलो. मग वाटलं, छे, आज ती काही गाडीत बसायची नाही. तुझ्याबरोबर हे कोण आहेत?"

"हे आजोबा. माझ्यामागून आले."

"तुमची बहीण फार चांगलं बोलते," आजोबा चष्मा धाकट्याच्या घोंगडीच्या कोपऱ्याला पुसत म्हणाले.

"फार बोलते," धाकटा म्हणाला. "चांगलं हल्लीच बोलायला लागली."

फूटपाथच्या कडेला चौघं ओळीनं बसले. कुणीतरी कागदी पेल्यांत गरम सूप आणून दिलं. बेकरीवाला रात्रभराचा जागा होता, पेला हातात धरूनच झोपला. ताईचा फोन वाजला. आई होती.

"झालं का धावून? ओले कपडे काढलेत का?"

"काढतो, आई. आधी उठता येऊ दे."

"दोघांत पहिलं कोण आलं?"

"तो आला. मी मागून आले."

"म्हणजे तू एवढं सगळं पळालीस? अख्खं?"

"अख्खं," ताई म्हणाली. हे तोंडानं म्हटल्यावरच ते तिला खरं वाटलं.

फोन ठेवल्यावर ती आजोबांना म्हणाली, "पुढची शर्यत कुठली आहे हो?"

"वसंतात. डोंगरावरची. चढच चढ आहे, पण निसरडं नसतं."

"मी येणार," ताई म्हणाली. "माझा नंबर लावून. सोबती म्हणून नाही."

धाकट्यानं सूपचा घोट घेतला. "मग माझं दुसरं टोक कोण धरणार?"

"हे महाराज धरतील ना, जागे झाल्यावर. आणि तू माझ्या मागे राहू नकोस म्हणजे झालं."

"बघू," धाकटा म्हणाला. "आधी इथून उठून दाखव."

ताईनं उठायचा प्रयत्न केला. पाय लाकडासारखे तिथेच राहिले. आजोबांनी हात दिला तर तेही खाली बसले. धाकटा त्या दोघांच्या हाताला धरून उठायला गेला आणि तिघं पुन्हा एकमेकांवर कोसळले. त्या गडबडीत बेकरीवाला जागा झाला आणि "जळलं का काही?" असं म्हणत ताडकन उभा राहिला. मग त्यानंच हसत हसत एकेकाला ओढून उभं केलं, आणि चौघं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, म्हाताऱ्यांच्या मिरवणुकीसारखे, बसच्या दिशेनं निघाले.